दिग्या, कान कापलेल्या पासपोर्टाबद्दल

प्रिय दिग्या,

इथे पहाटेचे तीन वाजलेत, सगळं घर झोपलंय आणि मी टक्क जागा. म्हणून टाइप करत बसलोय. जेटलॅग हे आपलं निमित्त, खरं तर हे पत्र मी तीन वर्षं टाळतोय. मधे आपण बोललो नाही असं नाही, वाढदिवसाला फोन झाले, दिवाळीला तुझा तो पणतीचा फॉरवर्ड आला, बापू गेला तेव्हा भेटलो, पण ते कसलं बोलणं, ते तर मी बँकेतल्या साठेशीसुद्धा बोलतो.

तब्येत बरी आहे. शुगर आहे तिथेच आहे, शैलाचे पाय विमानात सुजले होते, आता उतरले. झालं.

तर मी अमेरिकेला आलो, लेकाकडे, सौरभकडे. दिवाळी उरकून निघालो आणि जुन्या पासपोर्टातल्या व्हिसावर आलो. आता तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला इथून दिसतंय, भुवई वर आणि तोंडातून चकार शब्द नाही. माझा पासपोर्ट २०१५ चा, ऑगस्टात संपत होता. व्हिसा २०१७ चा, म्हणजे २०२७ पर्यंत जिवंत. वर्षभर आधी रिन्यू करता येतो हे माहीत असून मी शेवटच्या दोन महिन्यांपर्यंत ढकललं, का ढकललं ते पुढे कळेल. मुंढव्याला पासपोर्ट ऑफिसात गेलो, पंधराशे रुपये भरलेलेच होते, टोकन, मग ए, बी, सी असे तीन काउंटर, तासाभरात मोकळा. जुना पासपोर्ट हातात परत आला तर त्याच्यावर कॅन्सल्डचा शिक्का आणि कव्हरचा कोपरा छाटलेला.

मी तिथे बाकावर बसलो रे. शैलाला वाटलं चक्कर आली, ती पिशवीतून बिस्किटं काढायला लागली.

तुला आठवतोय ना तो दिवस? २०२१, तुमचं नारायण पेठेतलं घर रिकामं करत होतो, तू कोल्हापूरला निघालेलास, सगळीकडे खोकी आणि सुतळी आणि तुझी ती १९८४ पासूनची वीजबिलं. आपण दोघं मागच्या खोलीत जमिनीवर बसलेलो, रद्दीचा ढीग माझ्याकडे आणि ठेवायचं ते तुझ्याकडे. तू जुना पासपोर्ट उचललास, उघडलास, व्हिसाचं पान माझ्यापुढे धरलंस आणि विचारलंस, अव्या, हा ठेवू ना? याच्यात २०२४ पर्यंतचा व्हिसा आहे. आणि मी तो तुझ्या हातातून घेतला, बघितलासुद्धा नाही नीट, कापलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणालो, कान कापलेलं बोकड कशाला सांभाळतोस, कॅन्सल्ड म्हणजे कॅन्सल्ड, आतलं सगळं मेलं. आणि टाकला रद्दीत. तू हसलास. वीजबिलं ठेवणारा माणूस तू, आणि माझ्या एका वाक्यावर पासपोर्ट सोडलास, कारण काय तर अव्या तीस वर्षं बँकेत होता, अव्याला कागद कळतात.

अव्याला घंटा कळत होतं.

साधी गोष्ट आहे आणि मी ती आता कुठे वाचली, तीही सौरभने लिंक पाठवली म्हणून. पासपोर्टाची मुदत वेगळी, व्हिसाची वेगळी. अमेरिकेचा व्हिसा संपलेल्या पासपोर्टात असला तरी चालतो, व्हिसाची तारीख बाकी हवी, पान फाटलेलं-भिजलेलं नको, आणि नवा-जुना दोन्ही पासपोर्ट एकाच देशाचे, एकाच प्रकारचे हवेत. दोन्ही बरोबर न्यायचे. बस. आणि खाली लिहिलंय की व्हिसा जुन्यातून काढून नव्यात चिकटवू नका, तसं केलं तर तो बाद. म्हणजे लोक चिकटवत असणार बघ! ते वाचून मला पाटील मास्तरांची प्रगतिपुस्तकं आठवली, तू सही चिकटवली होतीस ती, फेविकॉल ओघळलेला. ती सही माझ्या वडिलांची होती हे तू आजही कबूल करत नाहीस. असो. शिक्का पासपोर्टावर मारलेला असतो, व्हिसावर नाही, एवढं समजायला काय बँकेची नोकरी लागते होय? उलट नव्या पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर, पत्त्याच्या खाली, जुन्या पासपोर्टाचा नंबर, तारीख, ठिकाण छापलेलंच असतं. सरकारने स्वतः लिहून दिलंय की हा माणूस तोच. तुझ्या नव्यातही असेल, २०१९ च्या. काढून बघ. नको, नको बघूस.

(सगळीकडे असंच असतं असं नाही म्हणा. आमच्या साडूने ऑस्ट्रेलियाला जाताना हीच अक्कल चालवली. तिथे स्टिकरच नाही, व्हिसा त्यांच्या कॉम्प्युटरात आणि तोही पासपोर्टाच्या नंबराला बांधलेला, नंबर बदलला की त्यांना आधी कळवावं लागतं. हा आपला जुना पासपोर्ट फडक्यात गुंडाळून निघाला होता. भाचीने वेळेवर विचारलं म्हणून वाचला. आमच्या घराण्यात अक्कल अशी मुबलक आहे.)

वहिनींनी माझं ऐकलं नाही, तेवढं बरं. त्यांचा जुना पासपोर्ट त्या दिवशी पैठणीच्या घडीत होता आणि मी रद्दी मागायला गेलो तर म्हणाल्या, भाऊजी, माझ्या वस्तूला हात नाही लावायचा. किती शहाणी बाई. इकडे अमेरिकेत तुमच्या मुन्नीला दिवस राहिले तेव्हा त्यांचा व्हिसा जिवंत आणि तुझा रद्दीवाल्याकडे. २०२२ च्या शेवटी मुंबईची नवीन व्हिजिटर व्हिसाची तारीख हजार दिवसांच्या घरात दाखवत होती, ड्रॉपबॉक्सला, म्हणजे मुलाखतीशिवाय, जावं तर आधीचा व्हिसा हातात पाहिजे, आणि इमर्जन्सी तारखेत बाळंतपण बसत नाही असं त्यांनी स्पष्टच लिहिलेलं. तू मला त्या तिन्ही गोष्टी फोनवर एका सुरात सांगितल्यास, जशी काही दुसऱ्याचीच गोष्ट. आणि शेवटी म्हणालास, असू दे.

त्या असू देवर मी काय केलं ते आठव. मी भांडलो. तुझ्याशी! म्हणालो नियम बदलला असेल, तेव्हा चालत नव्हता, आता चालतो. वहिनी दोन पासपोर्ट घेऊन सुखरूप पोचल्या तरी म्हणालो, नशीब त्यांचं. आणि मग तू कधी नव्हे ते आवाज चढवलास, कुठल्या गाढवाने सांगितलं होतं तुला, तेव्हा मी म्हणालो, लक्ष्मी रोडवरच्या एजंटने, शिंदेने.

दिग्या, शिंदे नाहीच. कुणी एजंट नव्हता. मला कुणीही काहीही सांगितलेलं नव्हतं. मी ते त्या क्षणी, तिथे फोनवर, बनवलं. त्याच्या आधी कापलेला कोपरा बघून वाटलं म्हणून बोललो, आणि मला वाटलं म्हणजे नियम, इतकंच. तू नंतर दोनदा त्या शिंदेला शिव्या घातल्यास आणि मी पण घातल्या. जोरात घातल्या.

हे कुणाला सांगू? शैलाला सांगितलं तर ती म्हणेल एवढंच ना. तिने मला १० जानेवारीला एअरपोर्टच्या दारात बघितलं नव्हतं. वहिनी ट्रॉली ढकलत आत गेल्या, त्या जवानाने त्यांचं तिकीट बघितलं, आणि तू काचेला नाक लावून उभा, हातात त्यांची शाल, जी द्यायची राहिली. मी गाडी लावून येतोय आणि तू एकटाच त्या शालीची घडी घालतोयस, उलगडतोयस, परत घालतोयस. मी तेव्हा कॉफी घ्यायला वळलो. कॉफी नको होती मला.

आता माझं ऐक. मुंबईला चेक-इनला बाईंनी नवीन पासपोर्ट स्वाइप केला, व्हिसा? म्हणाल्या, मी रबरबँड काढून जुना दिला, त्यांनी तो नेमका त्या पानावर उघडून नंबर टाइप केला, परत दिला. माझा घाम बघून म्हणाल्या, काका, तुम्ही आधी बसता का जरा. इमिग्रेशनला तेच, एक्झिटचा शिक्का नव्यावर. नेवार्कला उतरलो तर रांग सव्वा तासाची, त्या सव्वा तासात मी जुना पासपोर्ट निदान चाळीस वेळा उघडून बघितला, २०२७, २०२७, एंट्रीजच्या पुढे एम, म्हणजे मल्टिपल, पान धडधाकट, परत बंद. आमचा नंबर आला. एक पोरगेलासा ऑफिसर, बोटांचे ठसे, फोटो. दोन्ही पासपोर्ट मागितले. जुना घेतला, त्याचा अंगठा बरोबर त्या कापलेल्या कोपऱ्यावर पडला, दिग्या, शपथ, बरोबर तिथे, आणि त्याने तिकडे बघितलंसुद्धा नाही. व्हिसाचं पान काढलं, मशीनखाली धरलं, मिटलं, माझ्याकडे सरकवला. किती दिवस राहणार? मुलाकडे आलोय, पाच महिने. लोणचं आणलंय का? मी हो म्हणालो, शैलाने मला कोपर मारलं. जा म्हणाला. शिक्का नाही काही नाही. रात्री सौरभने साइटवर नव्या पासपोर्टाचा नंबर टाकून आय-९४, म्हणजे इथे कधीपर्यंत राहता येईल त्याची नोंद, काढून दाखवला, सहा महिन्यांची तारीख.

सगळं मिळून मिनिटभर. तुझा अख्खा नातू गेला रे त्या मिनिटात. जन्म, बारसं, पहिलं पालथं पडणं, तू सगळं मोबाइलवर बघितलंस आणि मेसचा डबा खाल्लास सहा महिने. आणि २०२४ ला ते लोक आले तेव्हा तो पोरगा तुला बघून रडला म्हणे, हे मला वहिनींकडून कळलं, तुझ्याकडून नाही.

मी सामान घेतलं आणि सौरभ बाहेर हात हलवत होता तर मला त्याच्याकडे बघवेना. त्याला वाटलं बाबा भावुक झाले.

आता खरी अडचण. परवा रविवारी आम्ही मुन्नीकडे जेवायला जातोय. सौरभच्या घरापासून पाऊण तास. तिनेच बोलावलंय, काकू-काका या, छोटूला भेटा. काल फोनवर बोलता बोलता मला म्हणाली, काका, तुम्ही पण जुन्याच व्हिसावर आलात ना, आईसारखे? बाबांचा तेवढा शिफ्टिंगमध्ये हरवला बघा. ते इतके जपून ठेवणारे आणि नेमका तोच कसा हरवला काय माहीत.

हरवला! तू तिला हरवला म्हणून सांगितलंस? तीन वर्षं? लेका, बिलं जपणाऱ्या माणसाने स्वतःच्या माथी वेंधळेपणा घेतला आणि मला एका शब्दाने कळवलं नाहीस. मी फोनवर हो ना, शिफ्टिंगमध्ये होतं असं, म्हणालो. परत तेच केलं बघ. शिंदेच केला मी परत.

तिला काय सांगू ते मला कळत नाहीये. सौरभ म्हणतो तीन वर्षांनी उकरून काय मिळणार, तिला उगाच त्रास. शैला म्हणते गप्प जेवा आणि या. पण तिच्या हातची आमटी खाऊन, त्या पोराला मांडीवर घेऊन बसायचं आणि हा विषय निघाला की मान हलवायची, हे मला नाही जमणार. आणि तू झाकलंस त्याच्यावरचं कापड मी तुला न विचारता ओढायचं, तेही बरं दिसत नाही. म्हणून हे पत्र. इतकं लांब झालं, वाचलंस तर वाच.

तुझं कसं चाललंय? सांधेदुखीवर ते वैद्यांचं तेल लागू पडलं का? वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असं नंदू म्हणाला, चांगलं झालं. सोसायटीचा सेक्रेटरी झालास म्हणे, गरीब बिचारी सोसायटी.

आणि हो, तू व्हिसाचा फॉर्म पुन्हा भरायचा नाही असं ठरवून बसलायस हे मला माहितेय. मी भरून देतो म्हणणार होतो, पण माझ्या हाताने तुझा कुठलाही कागद नको, तू मुन्नीकडूनच भरून घे. फी मी भरणार, आता १८५ डॉलर झालीये, यावर वाद नाही. वाद घालायचाच असेल तर प्रगतिपुस्तकावर घाल.

रविवारी आम्ही इथून सकाळी दहाला निघणार, म्हणजे तुझे रात्रीचे साडेआठ. त्याच्या आत फोन कर. सांग म्हणालास तर सांगतो, नको म्हणालास तर तुझ्यासाठी गप्प बसेन. फोन नाही आला तर मी तिला सांगणार आहे, आमटी वाढायच्या आधी.

तुझा,
अव्या

ता.क. वहिनींना विचार, ती शाल अजून आहे का.