ते कोपर कोणाचं?

कुर्ला,
12 नोव्हेंबर 2025

प्रिय पक्या,

जूनमध्ये मी तुला 'कुठे आहेस?' एवढंच विचारलं आणि तू 'घरी' एवढंच कळवलंस. वर्षभरात आपलं तेवढंच बोलणं झालं. अहमदाबादहून निघाल्यावर कोसळलेलं ते विमान लंडनचं होतं आणि तू त्या आठवड्यात इकडे येऊन गेलास की नाही हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. तुझं 'घरी' वाचून मी जिन्यातच बसलो होतो. नंतर फोन करणार होतो, केला नाही. आज जे लिहितोय ते फोनवर जमणार नाही. तू मध्येच हसशील आणि मग माझ्याने पुढचं बोलवणार नाही. म्हणून पत्र.

माझी शुगर ठीक. आईचा गुडघा आहे तसाच. बंड्याची अँजिओप्लास्टी झाली, तो चालतोय-फिरतोय. झालं.

तर मागच्या रविवारी पार्ल्याला एका गच्चीवर आम्ही विमानांचे फोटो काढणारे वीस-बावीस जण जमलो होतो. बहुतेकांनी एकमेकांचे फोटो वर्षानुवर्षं पाहिलेले, चेहरे पहिल्यांदाच बघत होते. ठरलं होतं असं की प्रत्येकाने आपली ओळख करून द्यायची आणि सोबत आपला पहिला फोटो आणायचा. कसाही असो, हललेला, अर्धवट, पहिला पाहिजे.

पक्या, तू असायला हवा होतास. आपल्याला वाटायचं की अख्ख्या मुंबईत आपण दोघं आणि मामा, एवढेच असे आहोत. इथे आडनाव कोणी सांगितलंच नाही. नाव, गाव, कॅमेऱ्याची बॉडी, लेन्स आणि लगेच पहिलं विमान. नाशिकची एक दाताची डॉक्टर होती. ओझरच्या कॉलनीत वाढलेली, वडील कारखान्यात. लहानपणभर डोक्यावरून मिग जायचे आणि तिच्याकडे त्यातला एकही फोटो नाही, कारण काढायची परवानगीच नव्हती. 26 सप्टेंबरला चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला, तो तिने दवाखाना बंद ठेवून टीव्हीवर पाहिला. तिचा पहिला फोटो म्हणजे टीव्हीच्या पडद्याचाच, त्याच दिवशीचा. 'बाकी सगळे नंतरचे धरा,' म्हणाली. कोणी हसलं नाही.

एक गृहस्थ होते, आयुष्यभर इंजिनांच्या दुरुस्तीत काम केलेले. निवृत्त झाल्यावर पहिला कॅमेरा घेतला. म्हणाले, 'आतून सगळं बघून झालं होतं, बाहेरून बघायचं राहिलं होतं.' एक शाळामास्तर दर 15 ऑक्टोबरला जुहूला जाऊन उभे राहतात. 1932 साली त्याच दिवशी जेआरडी कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ विमानातून तिथे उतरले होते ना, म्हणून. तिथे हेलिकॉप्टरशिवाय फारसं काही दिसत नाही, तरी जातात. मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आणि चेंबूरचा एक अकरावीतला मुलगा. त्याने ओळख देताना सांगितलं की 12 जूननंतर दोन महिने त्याने कॅमेरा बाहेरच काढला नाही, कारण कोसळलेलं ते विमान, व्हीटी-एएनबी, त्याच्याकडे तीन वेळा आहे. माझ्याकडे ते चार वेळा आहे, पक्या. एकात तर चाकं बाहेर येताना दिसतायत. ते फोटो मी पुसले नाहीत आणि उघडलेही नाहीत. तो मुलगा बोलला तेव्हा गच्चीवर थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही, आणि नेमकं त्या वेळी वरून एक इंडिगो गेलं. सगळ्यांनी माना वर केल्या. सवयच ती.

मग माझी पाळी आली.

मी 'शिवाजी' नेला होता, एअर इंडियाच्या त्या जम्बोचा फोटो. आपला. दिवाळीची सुट्टी, 1994. प्लॅस्टिकच्या पाकिटातली ती पोस्टकार्डाएवढी प्रिंट हातोहात फिरली. व्हीटी-ईपीडब्ल्यू म्हटल्यावर इंजिनवाले काका उठून उभे राहिले. 'हा 747-300! वरचा मजला बघा किती लांब आहे!' एअर इंडियाकडे तशी दोनच होती, एक 'शिवाजी' आणि दुसरं 'नरसिंह वर्मन', हे मामाच्या यादीतून आपल्याला पाठ होतं. या लोकांनाही ते पाठ आहे. मला भरून आलं रे. आणि त्या भरात मी म्हणालो, 'हा मी काढलेला पहिला फोटो.'

पुढचं ऐक. चेंबूरच्या त्या पोराने प्रिंट डोळ्यांजवळ नेली. विचारलं, 'काका, शटर पाचशे?' मी म्हटलं, 'हो.' आपल्या त्या झेनिट कॅमेऱ्यावर सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून वेगवान शटर नव्हतंच, त्यामुळे हे तरी चुकीचं नसावं. मग त्याने खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. 'आणि हे कोपर कोणाचं?'

मी म्हणालो, 'माझ्या मित्राचं.'

तू आता प्रिंट न बघताही सांगू शकशील ते कोपर कोणाचं आहे. बेकरीच्या भिंतीवरून पडल्यावर ज्याला सहा टाके पडले, ज्याच्यासाठी घाटगे काकूंनी हळद आणली आणि तू रडत होतास, मी नाही, ते कोपर. मी दुर्बीण धरून रजिस्ट्रेशन वाचत होतो, 'ई... पी... डब्ल्यू! पक्या, डब्ल्यू आहे!' असं ओरडत होतो, आणि तू माझ्या पाठीमागून दाबलंस. रोलमधले पहिले अठरा माझे, पुढचे अठरा तुझे, हा आपला करार होता. निगेटिव्हवर आकडा 22 आहे. तुझ्याच वाटणीतला. मी तुझा फोटो घेतला आणि माझं कोपर तुला देऊन टाकलं.

त्या दिवसाबद्दल आणखी एक सांगितलं मी त्यांना, ते मात्र तुझ्या नावावरच सांगितलं. हवालदार. 'काय करताय रे इथे? कोणाचे फोटो काढता?' आणि तू छाती काढून, 'शिवाजीचा!' तो बिचारा टेकडीवर इकडेतिकडे पुतळा शोधत राहिला. मग मी वही दाखवली, त्याने दोन पानं उलटली आणि आपल्याला विचारलं, 'यात माझ्या गावचं विमान कोणतं?' सांगलीचा होता. तू गंभीर चेहऱ्याने म्हणालास, 'साहेब, ते एस्टीचं असतं.' सगळी गच्ची हसली. तुझा एवढा कौतुकाचा विषय होऊन, त्याच श्वासात मी तुला फोटोतून बाहेर काढलं होतं.

आता प्रश्न एवढ्यावर थांबला असता तर मी तुला लिहिलं नसतं, मनात ठेवलं असतं. पण या सगळ्या पहिल्या फोटोंचं प्रदर्शन करायचं ठरतंय, जानेवारीत. 'शिवाजी' दोन फुटी छापायचा म्हणतात. खाली नाव. माझ्याकडे स्कॅन मागितलाय. सोमवारी रात्री मी निगेटिव्ह काढली, स्कॅन केली आणि पडद्यावर मोठी केली. पक्या, कोपर धूसर आहे, पण विमान अगदी स्वच्छ. इतका फोकस धरलास तू, हाताने, 135च्या लेन्सवर, पंधराव्या वर्षी, त्या विटेसारख्या कॅमेऱ्याने. संध्याकाळचं ऊन बरोबर नाकावर. पश्चिमेला तोंड करून उतरणारं विमान आणि समोर मावळतीचा सूर्य. हे गणित तू मला आधी आठवडाभर समजावत होतास आणि मी म्हणत होतो की जम्बो सगळी रात्रीच येतात, दिवसा कशाला येईल! तरी तू रोज मला ओढत नेलंस. आठव्या दिवशी ते आलं. म्हणजे थांबणं तुझं, गणित तुझं, बोट तुझं.

आणि मग मी काय केलं सांगू? फोटो चौकोनी कापून पाहिला. चौकोनी केला की कोपर जातं. विमान बरोबर मधोमध बसतं, कोणी काही विचारणार नाही. ती कापलेली फाइल रात्रभर तशीच उघडी होती. सकाळी पुसून टाकली, पण मी ती केली होती हे तुला माहीत असायला हवं.

मी हे का बोललो याचा चार दिवस विचार करतोय. कौतुकासाठी नाही, शप्पथ. माझे स्वतःचे पुष्कळ फोटो आहेत आता, चांगले आहेत. पावसात उतरणाऱ्या 777 च्या पंखांवर पांढरी वाफ धरते तो एक तर मला फार आवडतो, तुला पाठवीन. मला वाटतं, तू गेल्यापासून बावीस वर्षं मी टेकडीवर एकटा उभा राहतोय, आणि 'आम्ही' म्हणायची जिभेची सवयच गेली. त्या लोकांमध्ये 'आम्ही' म्हटलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं की दुसरा कुठाय. त्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं.

कारण दुसरा हीथ्रोच्या धावपट्टीलगतच्या मर्टल अॅव्हेन्यूच्या इतक्या जवळ राहतो आणि तिथे जात नाही! हे मी पुन्हा काढणार नव्हतो, पण काढतोच. तुझ्याकडेही धावपट्टी 27, माझ्याकडेही 27. दोन्हीकडे विमानं पश्चिमेला तोंड करून उतरतात, तेच ऊन, तेच गणित. जगभरातून लोक ज्या हिरवळीवर येऊन बसतात ती तुझ्या हाताशी आहे. 24 ऑक्टोबर 2003. तू लंडनला पोचून जेमतेम महिना झाला होता. हीथ्रोला तीन कॉन्कॉर्ड एकापाठोपाठ शेवटची उतरली आणि तू शिफ्टवर होतास. मी वर्षभर तुझ्याशी बोललो नाही. नोकरी नवीन होती, रजा मागता येत नव्हती, हे तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. न काढलेल्या फोटोसाठी तुला वर्षभर शिक्षा दिली. आता मी तुझा काढलेलाच घेऊन बसलोय.

आणि 2020 चं पण सांगून टाकतो. 8 ऑक्टोबरला ब्रिटिश एअरवेजची शेवटची दोन 747 हीथ्रोहून एकापाठोपाठ उडाली, त्या सकाळी तू मला फोनवरून व्हिडिओ पाठवला होतास. करडं आभाळ आणि नुसता आवाज. मी काय उत्तर दिलं आठवतंय? 'फोकस नाही.' तो व्हिडिओ माझ्याकडे अजून आहे. मागच्या वर्षी 22 एप्रिलला आपली 'आग्रा', एअर इंडियाची 747, मुंबईहून कायमची अमेरिकेला गेली, तिने जाताना पंख हलवले. मी त्या वेळी ऑफिसात होतो. रात्री लोकांनी काढलेले व्हिडिओ बघितले आणि त्यानंतर तुझा तो आवाजाचा लावला. चार इंजिनं ऐकू येतात त्यात, स्पष्ट. तू तेव्हा खिडकीत नव्हतास, बाहेर जाऊन उभा होतास, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. वाऱ्याचा आवाज येतो.

बरं, तुझं काय? मुलीचं कॉलेज सुरू झालं असेल. छपराच्या गळतीचं काम झालं का? वहिनींना नमस्कार सांग, आईने त्यांच्यासाठी मेतकूट करून ठेवलंय, कोणी येणारं असेल तर कळव. नवी मुंबईच्या विमानतळाचं गेल्या महिन्यात 8 तारखेला उद्घाटन झालं, डिसेंबरात उड्डाणं सुरू होतील म्हणतात. तिकडच्या टेकड्या मी हेरून ठेवल्यात. तू आलास की जाऊ.

आता कामाचं. 30 तारखेच्या रविवारी आम्ही पुन्हा जमतोय. तिथे मी उभा राहून माझी ओळख पुन्हा करून देणार आहे. नाव, गाव, बॉडी, लेन्स आणि पहिलं विमान. माझा खरा पहिला फोटो निगेटिव्ह 7 आहे, इंडियन एअरलाइन्सची ए300, शेपूट कापलेली. तोच नेईन. 'शिवाजी' पूर्ण देणार, कोपरासकट. त्या चेंबूरच्या पोराला आधी फोन करून सांगणार आहे. त्याने सरळ विचारलं होतं आणि मी त्याला खोटं सांगितलं, ते मला सगळ्यात जास्त टोचतंय.

फोटोखाली तुझं नाव कसं लिहायचं ते कळव. वडिलांच्या नावासकट की नुसतं? आणि प्रदर्शनात लावू का, हेही. तू नाही म्हणालास तर नाही लावणार, कारण सांगायची गरज नाही.

आणि पोरगा पुन्हा विचारेल म्हणून सांग, शटर खरंच पाचशे होता का?

तुझा,
सुन्या

ता. क. निगेटिव्हची ती पट्टी तुझी आहे. पोस्टाने पाठवायचा धीर होत नाही. तू येईपर्यंत मामाच्या डब्यात ठेवतो.