हात दाखवून अवलक्षण

चिंचवड,
रविवार

चि. अमोल यास अनेक आशीर्वाद.

तू जपानला पोचल्याचा मेसेज आईला आला, मला नाही आला. खालापूरच्या टोलनाक्यापासून विमानतळापर्यंत तू चकार शब्द काढला नाहीस, तेव्हा मीही वाट बघितली नव्हती. हे कागदावर लिहितोय. आई फोटो काढून तुला पाठवेल. तिला वाचू नकोस म्हणून सांगितलंय, म्हणजे ती वाचणारच.

आधीच सांगतो, हाताविषयी लिहिणार नाही. गाडीत झालं तेवढं पुरे. छत्तीस वर्षांच्या माणसाला "ते खेळणं बंद कर" म्हणणं चुकलंच माझं, आणि तेही ड्रायव्हरसमोर. लिहायचंय ते त्या पांढऱ्या दांड्यांबद्दल.

गौरी गेल्या त्या संध्याकाळी तू आणि ओजू टीव्हीला तो स्विच नावाचा गेमचा डबा जोडून बसला होतात. मी पेपर घेऊन मागे. त्या स्मॅश ब्रदर्स खेळामध्ये मला काही कळत नव्हतं. एक मिशीवाला प्लंबर, एक कोल्हा, एक गुलाबी गोळा, आणि सगळे एकमेकांना कड्यावरून ढकलतायत. आपल्या मंडळाच्या मिरवणुकीत शेवटी होतं तसं. मग ओजूने ती काचेची कुपी उचलली आणि पडद्याच्या दोन्ही कडांना दोन पांढरे दांडे उभे राहिले. मध्ये एक चेंडू. टप्प, टप्प. त्या चेंडूने तुझा कोल्हा उडवला. ओजू म्हणाला, "मामा, हे काहीतरी जुनं असतं ना?" तू म्हणालास, "फार जुनं. बाबांच्या काळातलं."

मी उठलो. तुम्हाला वाटलं, चहा सांगायला उठलो.

अमोल, ते दांडे मुळात ज्या यंत्रातले, ते यंत्र मी हातात धरलेलं आहे. कलर टीव्ही-गेम १५. १९७९ साली, ओसाकाजवळ साकाईला, आमच्या हान्चोंच्या घरी. हान्चो म्हणजे टोळीचा मुकादम, हे तुला आता सांगायला नको. तुझं जपानी माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं. कंपनीने सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. रविवारी हान्चो मला जेवायला बोलवायचे, कारण हॉस्टेलवर मी भात आणि लोणचं एवढ्यावर जगतोय हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांचा मुलगा दहाएक वर्षांचा. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला जपानी. जेवण झालं की तो तो नारिंगी डबा काढायचा, तारेला बांधलेली दोन फिरकीची बटणं बाहेर घ्यायचा, एक मला द्यायचा. फिरकी फिरवली की दांडा वर-खाली. टेनिस, हॉकी, व्हॉलीबॉल अशी नावं होती पंधरा, पण खरं म्हणजे सगळे त्या एका टेनिसचेच चुलतभाऊ. गेम संपला की पोरगा म्हणायचा, "मो इक्काई." अजून एकदा. माझा पहिला पाठ झालेला जपानी शब्द तो. "आरिगातो" त्यानंतर आला.

हान्चो सांगायचे, हे बनवणारे म्हणजे क्योतोचे पत्तेवाले. आणि खरंच, त्या वेळी तिथल्या मोठ्या माणसांना निन्तेन्दो म्हटलं की हानाफुदाचे पत्तेच आठवायचे. १८८९ पासूनचा धंदा त्यांचा. ते खेळणं १९७७ च्या जूनमध्ये आलं, मित्सुबिशीच्या मदतीने बनवलेलं. दोन प्रकार होते. सहा खेळांचं ९,८०० येनला, पंधरा खेळांचं १५,००० ला. परवा ओजूकडून नेटवर शोधून घेतलं तेव्हा एक गंमत कळली, ती तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन्हींच्या आत चिप तीच! सहावाल्याच्या पोटात बाकीचे खेळ होतेच, फक्त बाहेर बटण दिलेलं नव्हतं. शिवाय सहावाल्यात फिरक्या डब्यालाच बसवलेल्या, त्यामुळे दोघांनी टीव्हीसमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. पंधरावाल्यात तार. दुकानात उभा राहिलेला बाप काय करणार? पंधरावालंच घेणार. दोन्ही मिळून वीस लाखांच्या आसपास खपली म्हणे. आमच्या मार्केटिंगवाल्यांना हे कुणीतरी १९८५ साली शिकवायला हवं होतं.

आणि तो मियामोतो, मारिओ घडवणारा, तुम्हा लोकांचा देव, तो १९७७ मध्येच तिथे नोकरीला लागला. १९७९ साली त्याच कुटुंबातला विटा फोडायचा खेळ आला, त्याचा डबा त्याने आखला. डबा! बाहेरचं कवच. मारिओ नंतर. तू पहिली दोन वर्षं नुसतं गेमचं टेस्टिंग करत होतास तेव्हा आईला फोनवर रडत म्हणालास की हे काय काम आहे, तेव्हा हे मला माहीत असतं तर सांगितलं असतं.

असो. भरकटलो.

आता ती संध्याकाळ. दांडे बघून उठलो ते स्वयंपाकघराच्या दारात थांबलो आणि पडद्याकडे बघायचं सोडून तुझ्याकडे बघत राहिलो. तू उजव्या अंगठ्याऐवजी तर्जनी वाकवून बटण दाबत होतास. दर फेरीनंतर पंजा झटकत होतास, पाणी उडवल्यासारखा. मग मागचं सगळं आठवत गेलं. सकाळी चहाचा कप डाव्या हाताने. मोदकाचा नारळ खवायला आईने बोलावलं तर "फोन आहे" म्हणून गच्चीवर. आणि आरतीला तू झांजा ओजूच्या हातात दिल्यास. अरे, झांजांसाठी तू विनूदादाला चावला होतास. सात वर्षांचा असताना. त्या झांजा तू आपणहून सोडशील?

म्हणून गाडीत बोललो. बोलायची रीत चुकली. पण हात दाखवलास का?

बघ, आलंच. लिहिणार नाही म्हटलं होतं.

आता जे कधी सांगितलं नाही ते सांगतो. माझ्या उजव्या अंगठ्यावर ती पांढरी रेघ आहे ना, तू लहानपणी बोट फिरवून विचारायचास आणि मी सांगायचो की आंबा चिरताना सुरी लागली. ती आंब्याची नव्हे. साकाईला तिसऱ्या महिन्यात लेथवरचा लोखंडाचा कीस अंगठ्यात घुसला. चूक माझीच, ब्रश न वापरता हाताने झटकला. दिसायला टाचणीएवढं भोक. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर परत पाठवतील असं डोक्यात बसलेलं. आमच्या खात्यातून एकालाच निवडलं होतं, आणि नानांनी सुटाचे आणि बुटांचे पैसे कुणाकडून आणले होते हे तुला आत्याने सांगितलेलं आहे. मग मी रात्री हॉस्टेलच्या न्हाणीघरात गरम पाण्यात अंगठा बुडवून बसायचो आणि दिवसा हातमोजा घालायचो. नऊ दिवस.

नवव्या दिवशी रविवार. जेवण झालं, पोराने डबा काढला. फिरकी चिमटीत धरवेना. मी ती तळव्याखाली मांडीवर दाबून लोळवायला लागलो, पोळी लाटतात तशी. पोरगा खूश, पाच गेम सलग जिंकला. "मो इक्काई, मो इक्काई." हान्चो पलीकडे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. माझा दांडा पडद्यावर नीट थांबतच नव्हता, थरथरत होता. ते आधी टीव्हीकडे बघत राहिले, मग उठून त्यांनी माझं मनगट धरलं आणि हात दिव्याखाली नेला. अंगठा टम्म फुगलेला, नखाच्या कडेने पिवळा. एकच शब्द बोलले. "बाका." म्हणजे मूर्ख, हे तुला सांगायला नको.

सोमवारी डॉक्टरने चिरा दिला. तांदळाच्या कणीएवढा काळा तुकडा निघाला. हान्चो बाहेर बाकावर माझी डबापिशवी मांडीवर घेऊन बसले होते. कुणी मला परत पाठवलं नाही. चार दिवस ड्रॉइंग ऑफिसात बसवलं, बस.

तर तो दांडा थरथरताना मी एकदा बघितलेला आहे. गौरीच्या संध्याकाळी पडद्यावरचे दांडे एकदम सरळ होते, ते काय, कॉम्प्युटरच चालवतो. पण मला नाही सरळ दिसले.

तुझं मार्चमध्ये रिव्ह्यू आहे, व्हिसाचं नूतनीकरण आहे, नवीन साहेब खडूस आहे, हे सगळं मानसीने आईला सांगितलंय. तू लपवतोयस ते मला कळतं, कुठून आलं तेही कळतं. नानांनी छातीतलं दुखणं लपवलं, मी अंगठा. हा काही घराण्याचा दागिना नाही पुढे द्यायला. मनगटातली नस दबली की आधी मुंग्या येतात, मग रात्री जाग येते, मग हातातून वस्तू पडायला लागतात. आमच्या खात्यातल्या किमान चार जणांचं हे बघितलंय. लवकर दाखवलं त्यांचं पट्टा आणि विश्रांतीवर भागलं. उशिरा दाखवलं त्यांचं ऑपरेशन झालं. कीबोर्ड खूप वर ठेवू नये. तासाभराने उठावं. रात्री पंजा दुमडून उशीखाली घेऊन झोपू नये, तुला ती सवय आहे. आणि ऑफिसात दहा तास बोटं आपटल्यावर घरी येऊन परत तेच खेळणं

थांबतो. व्याख्यान झालं. आई म्हणते मी रिटायर झालो पण माझ्यातला सुपरवायझर झाला नाही. माफ कर.

फक्त एकच अजून, आणि हे तुमच्याच माणसाचं आहे म्हणून. तो साकुराई, ज्याने हा मारामारीचा खेळ घडवला. ते पांढरे दांडे या खेळात पहिल्यांदा आले ते २०१४ च्या आवृत्तीत, आणि २०१८ च्या तुमच्या अल्टिमेटमध्ये पुन्हा घेतले. त्या २०१४ च्या आवृत्तीचं काम चालू असताना, २०१३ मध्ये, त्याचा उजवा हात धरला. स्नायूबंधात कॅल्शियम साचतं तो आजार. त्याने काय केलं? मासिकातल्या आपल्या सदरात सरळ लिहून टाकलं. अख्ख्या जपानला सांगितलं की माझा हात दुखतोय. त्याचं काही काम गेलं नाही. ते दांडे आले ते त्या दुखऱ्या हाताखालूनच आले. तुला तर एकाच डॉक्टरला सांगायचंय.

हात दाखवून अवलक्षण कशाला, असं तू म्हणशील. मीही नऊ दिवस तेच म्हणत होतो.

बरं, दुसरं काही. गोखले काका काल विचारत होते, अमोल तिकडे मीटिंगमध्ये जपानीतून बोलतो का. मी म्हटलं, भांडतोसुद्धा जपानीतून. ते फार हसले. मी त्यांना तुझा तो व्हिडिओ दाखवला, स्टेशनवरच्या म्हाताऱ्या बाईला तू रस्ता सांगतोस तो. तीनदा दाखवला. तिसऱ्यांदा त्यांनी बघायचं नाटक केलं असावं.

क्योतोजवळ उजीला ते निन्तेन्दोचं म्युझियम २०२४ मध्ये उघडलंय ना, जुन्या पत्त्यांच्या कारखान्यात. तिथे तो नारिंगी डबा ठेवलाय असं ओजू म्हणाला. तिकिटं सोडतीने मिळतात म्हणे. एप्रिलमध्ये आम्ही येऊ तेव्हाची सोडत टाक. आईला चेरीची फुलं बघायचीत, मला तो डबा. काचेआड असेल, फिरकी फिरवता येणार नाही, पण तारेची गुंडाळी तशीच आहे का ते बघायचंय. पोरगा ती फार नीट गुंडाळून ठेवायचा.

मानसीला आशीर्वाद. तिच्या आईचा गुडघा कसा आहे?

तुझा,
बाबा

ता. क. उत्तर टाइप करू नकोस, आणि बोलून मेसेज पाठवायचा ते तर मुळीच नको. कागदावर लिही, पेनने, उजव्या हाताने. चारच ओळी चालतील. फोटो काढून पाठव. काय लिहिलंयस ते आई वाचेल. मला अक्षर बघायचंय.