‘ळ’ शिकवताना जीभ कुठे जाते तेही सांगा

संपादक महोदय,

मुलांना ळ येत नाही म्हणून शाळेत सगळे हसतात, पण ळ म्हणताना जीभ नेमकी कुठे जाते ते कोणी सांगतच नाही. जिभेचं टोक वर वळवून टाळूला लावायचं, हवा दोन्ही कडांनी सोडायची आणि जीभ पुढे झटकायची, आरसा धरून करून बघा, ल म्हणताना टोक दातांच्या मागेच राहतं हे लगेच कळतं.

आणि कानाचं काय? जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ मध्ये कॅनडात दाखवलं होतं की इंग्रजी घरातली ६ ते ८ महिन्यांची बाळं हिंदीतला त आणि ट वेगळा ओळखतात, पण १० ते १२ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो फरक पकडताच येत नाही! म्हणजे कान इतक्या लवकर घरच्या भाषेला सरावतो. मग ज्याच्या घरी ळ नाहीच त्या पोराला आधी तो नीट ऐकवा ना, काळ-काल, वेळ-वेल, माळ-माल अशा जोड्या परत परत, आणि मग बोलायला लावा. चिडवलं तर पोरं वर्गात तोंडच उघडत नाहीत, फार वाईट वाटतं बघून.

तुमच्या बालपुरवणीत जिभेचं एक साधं चित्र छापता येईल का?

– एक वाचक, सांगली