ब्रेलर पर्किन्सनं बनवला नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला टॉमस हँडासिड पर्किन्सवरचा लेख काल ताईला वाचून दाखवला. ताई जन्मांध आहे. या दानशूर व्यापाऱ्यानं अंधांसाठी ब्रेलचं यंत्र बनवलं, असं वाक्य आलं आणि तिनं मला थांबवलं. “परत वाच बघू.”

पर्किन्स वारले १८५४ मध्ये. ब्रेल टंकायचा पर्किन्स ब्रेलर आला १९५१ मध्ये. तो घडवला अमेरिकेतल्या पर्किन्स अंधशाळेच्या डेव्हिड अब्राहम या शिक्षकानं. शाळेला पर्किन्सचं नाव, म्हणून यंत्रालाही. लेख छापण्याआधी एवढं तरी तपासायला हवं होतं. ताईचं सगळं शिक्षण त्या यंत्रावर झालंय. सहा टिंबांच्या सहा कळा, मधोमध जागा सोडायची पट्टी, ओळ संपत आली की वाजणारी घंटी. वसतिगृहात चार मुलींत एक यंत्र, ताईची पाळी रात्री जेवणानंतर. सुट्टीत घरी आली की जाड कागदावरच्या त्या टिंबांवर आईचं बोट धरून फिरवायची. तिच्यासमोर अब्राहमचं श्रेय दुसऱ्याला दिलेलं मला वाचावं लागलं.

पर्किन्सची संपत्ती ‘चीनच्या व्यापारातून’ आली, एवढंच तुम्ही लिहिता. अफू हा शब्दसुद्धा नाही! आधी आजच्या हैतीत गुलामांची खरेदी-विक्री, मग तुर्की अफू कँटनला, चीनमध्ये बंदी असताना. बंगालची अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या मुठीत, म्हणून अमेरिकन व्यापारी तुर्कस्तानात इझमिरपर्यंत गेले. आणि हेच गृहस्थ मॅसेच्युसेट्सच्या विधिमंडळावर अनेकदा निवडून आले. बोस्टनकरांनी ५०,००० डॉलर उभे करावेत, या अटीवर १८३३ मध्ये त्यांनी पर्ल स्ट्रीटवरचा आपला वाडा अंधशाळेला दिला, हे खरंच आहे. हेलन केलरला शिकवणारी ॲन सलिव्हन त्याच शाळेची. ताईला त्या दानाचं मोल माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी ती म्हणाली, “वाडा दिला ते लिहा, आणि तो कशाच्या पैशांतून आला तेही लिहा.”

आणखी एक. ताईला हा लेख माझ्याकडून वाचून घ्यावा लागला, कारण ई-पेपरचं पान तुम्ही चित्र म्हणून टाकता. मजकूर वाचून दाखवणारा ताईचा मोबाइल पानाचा क्रमांक बोलतो आणि गप्प होतो. अंधशाळेवरचा लेख, आणि तो अंधांनाच वाचता येत नाही. याबद्दल दोनदा ईमेल केली, उत्तर नाही. दुरुस्ती छापाल तेव्हा ती अक्षरांत टाका. ताई स्वतः ऐकेल.

आपला,
एक वाचक, मिरज