जहाजावरून उडी

नाशिक, रविवार

चि. माऊस अनेक आशीर्वाद.

नवी नोकरी मिळाली, आनंद झाला. आई पेढे घेऊन सगळ्या सोसायटीत फिरून आली. पण जुन्या साहेबांना तू ‘आय ॲम जंपिंग शिप’ असं लिहून कळवलंस, हे ऐकलं आणि माझ्यातला निवृत्त उपसंपादक जागा झाला. अगं, जहाजावरून उडी मारतो तो करार मोडून, कप्तानाला न सांगता बंदरात पसार होणारा खलाशी. तू तीन महिन्यांची नोटीस भरलीस, कामं समजावून दिलीस. तू तर शिडीवरून रीतसर उतरलीस! शिवाय ऐकणाऱ्याला वाटतं, जहाज बुडायला आलंय. साहेबांना झोंबलं असेल तर नवल नाही.

(जहाजाचा विषय निघालाच आहे म्हणून: मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट बघत आपल्या देवळालीच्या छावणीत गोरे सोल्जर महिनोन्‌महिने अडकायचे. त्यातून इंग्रजीला ‘डूलाली’ मिळाला, म्हणजे डोकं फिरलेला.)

मीही आपटलोय म्हणा. नोकरीत नवा असताना रात्रपाळीला टेलिप्रिंटरवर बातमी आली, ब्रिटनचा कुणी खासदार ‘क्रॉस्ड द फ्लोअर’. मी ठोकून दिलं, ‘खासदाराने फरशी ओलांडली’. सकाळी छापूनही आलं! तिकडे सत्ताधारी आणि विरोधक समोरासमोर बसतात. मधली जागा ओलांडून पलीकडच्या बाकावर बसला की झालं पक्षांतर. हे मला वृत्तसंपादकांनी चारचौघांत समजावलं. चर्चिल १९०४ मध्ये असाच हुजूर पक्षातून पलीकडे गेला आणि वीस वर्षांनी परतला. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर ते इतकं सोपं राहिलं नाही. म्हणजे, कागदावर.

‘टर्नकोट’ तर स्वतःला कुणीच म्हणवत नाही. आपल्या ‘फितुरा’सारखंच ते. मागे राहिलेले शिवी देतात, आणि माणूस ज्यांच्याकडे गेला ते ‘स्वगृही परतले’ म्हणत हार घालतात. तू साधं ‘नोकरी बदलतेय’ लिहायचंस.

बाकी ठीक. आज शेजारच्या काकांच्या आग्रहाने मखमलाबाद रोडला नव्या ठिकाणी मिसळ खाल्ली. तर्री छान होती. बाहेर पडतो तो समोर आपला नेहमीचा मिसळवाला, हातात भाजीची पिशवी. तीस वर्षांचं गिऱ्हाईक मी त्याचं.

‘काय काका, आज इकडं?’ एवढंच म्हणाला. मला मराठीतसुद्धा शब्द सुचला नाही.

तुझा,
बाबा