मशीनवर जिंकलात, तर टीप कोणाला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गोव्याच्या सहलीवर जो लेख आला, त्यात एक ओळ होती: कॅसिनोत जिंकल्यावर तिथल्या कर्मचाऱ्यांना दहा टक्के टीप देण्याचा रिवाज आहे. त्यावर एका वाचकाने पत्र लिहिलं की जुगाराच्या अड्ड्यावरच्या लोकांना पगार मिळतोच, वर टीप कशाला. मी चोपड्याची. लग्नाआधी काही वर्षं गोव्यात एका पंचतारांकित हॉटेलाच्या कॅसिनोत स्लॉट मशीनच्या (पैसे घालून बटण दाबायचं, चाकं जुळली तर जिंकलात, अशा यंत्रांच्या) विभागात अटेंडंट, म्हणजे मशीन आणि खेळणारे यांच्याकडे बघणारी, म्हणून कामाला होते. दहा टक्के कोणी मागत नाही, आणि 'कशाला' हा प्रश्नही तिथे उभं राहून काम केलेल्याला पडत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आपल्या महाराष्ट्रात कॅसिनो नाही. 1976 साली कायदा झाला होता, पण तो कधी लागूच झाला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला गेला. गोव्याने मात्र 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक मशीनना परवानगी दिली, पुढे मांडवीतल्या बोटींवर पत्ते आणि रूलेची टेबलंही आली. पूर्वी खान्देशातून गोव्याला जायचं म्हणजे रेल्वेत अख्खा दिवस जायचा. 2024 पासून जळगावहून थेट विमान सुरू झालं, आणि आता केळीचा पैसा हातात आला की चार मित्र दोन रात्री गोव्याला जाऊन येतात. त्यात वाईट काही नाही म्हणा, पण तिथे कसं वागायचं हे कोणी सांगत नाही.

आधी मशीनचं बघू. बटण दाबलं त्याच क्षणी आतला कॉम्प्युटर निकाल ठरवून मोकळा होतो. चाकं फिरतात ती नुसती दाखवायला. 'हे मशीन तापलंय', 'हे आता देणार', असं काही नसतं, आणि असलं तरी अटेंडंटला ते कळायला मार्ग नाही. तरी रोज कोणी ना कोणी खेळायला बसण्याआधीच पाचशेची नोट पुढे करून कानाशी यायचं, 'ताई, कोणतं देतंय आज?' ही टीप नव्हे, ही लाच. तीही वाया जाणारी. आम्ही नोट परत करायचो, तर लोकांना वाटायचं रक्कम कमी पडली!

किरकोळ जिंकलात तर मशीन तिकीट छापतं, ते तुम्ही काउंटरवर देऊन पैसे घेता. यात कोणाला काही द्यायची गरज नाही, कोणी अपेक्षाही धरत नाही. मोठा जॅकपॉट लागला की मशीन थांबतं, डोक्यावरचा दिवा लुकलुकायला लागतो, आणि खरं काम तिथून सुरू होतं. अटेंडंट येते, मशीनचा नंबर आणि रक्कम लिहून घेते, सुपरवायझरला बोलावते, तुमचं पॅनकार्ड आणि ओळखपत्र तपासते, फॉर्मवर सही घेते. मग काउंटरवरून रोकड येते आणि तुमच्यासमोर, कॅमेऱ्याला दिसेल अशी पसरून, दोनदा मोजली जाते. तेवढ्यात आजूबाजूला गर्दी जमलेली असते. कोणी अभिनंदन करतं, कोणी उसने मागतं (हो, अनोळखी माणसंसुद्धा), कोणी तुमच्याच खुर्चीवर बसायला बघतं. या सगळ्यात ती मुलगी तुमच्या शेजारून हलत नाही. शेवटी किल्ली लावून मशीन पुन्हा सुरू करते. आमच्या गणवेशाला खिसा नव्हता. पैशाला हात लावला की तळवे उघडून कॅमेऱ्याला दाखवायचे, मगच पुढचं काम. आठ तास उभं राहून, सिगारेटच्या धुरात.

टीप द्यायची ती या कामाची. तुमच्या नशिबात त्या मुलीचा वाटा नाही, म्हणून टक्केवारीही नाही.

आणि टक्केवारीचा हिशोब एकदा मांडूनच बघा. लाख रुपये लागले. दहा हजारांच्या वरच्या जिंकण्यावर 30 टक्के कर आधीच कापून घेतात, म्हणजे हातात आले सत्तर हजार. पुरवणीतल्या सल्ल्याप्रमाणे लाखाचे दहा टक्के दिले तर साठ उरले. दिलेली टीप जिंकलेल्या रकमेतून वजा करून कर भरता येत नाही, आदल्या रात्री हरलेले पैसेही वजा होत नाहीत, कारण आपला आयकर कायदा असल्या कमाईवर कुठलाच खर्च धरू देत नाही. खेळायला घातलेल्या पैशावर जीएसटी वेगळा: ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के होता, सप्टेंबर 2025 पासून 40 झाला. अशा वेळी दहा टक्के वाटत सुटणाऱ्याला दिलदार कोण म्हणेल? मागे राहिलेलं त्याचं घर तर नाहीच म्हणणार. माझ्या मते लाखाच्या जॅकपॉटला पाचशे ते हजार ही घसघशीत टीप झाली. त्याच्या वर ज्याची त्याची खुशी. काउंटरवर पैसे घेतानाच 'थोडे सुटे द्या' म्हणावं. हातात फक्त मोठ्या नोटा असल्या की माणूस एकतर फार देतो, नाहीतर काहीच देत नाही.

रावेरकडचे एक केळीवाले मामा आठवतात. जॅकपॉट लागला तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. माझं बोलणं ऐकून त्यांनी ओळखलं, 'आपल्याकडची दिसते तू.' पैसे मोजून झाल्यावर सरळ विचारलं, 'माय, तुले काय देऊ?' आम्हाला आकडा सांगायची मुभा नव्हती, मागितलेलं कळलं तर नोकरी जायची. तसं मी सांगितलं. त्यांनी शेजारच्या मित्राला विचारलं, मित्र म्हणाला पाच हजार दे, शोभून दिसेल. मामांनी पाचशे दिले आणि मित्राला ऐकवलं, 'शोभायला मी काय नवरदेव आहे का?' मला ते पाचशे अजून आवडतात.

ते पाचशे माझे एकटीचे नव्हते, हेही सांगायला हवं. आमच्याकडे टीप पेटीत टाकावी लागे, आठवड्याने हुद्द्याप्रमाणे वाटणी होई. सगळीकडे अशीच पद्धत असेल असं नाही, म्हणून देणाऱ्याने विचारायला हरकत नाही: 'हे तुला मिळतात की पेटीत जातात?' या प्रश्नाचा कोणाला राग येत नाही. पण आमच्या वाटणीत बाथरूम साफ करणाऱ्या बायका नव्हत्या, पहाटे ॲशट्रे उचलणारी पोरंही नव्हती. त्यांच्या हातावर शंभर रुपये ठेवलेत तर ते नक्की त्यांनाच मिळतील. लोक डीलरला, म्हणजे टेबलावर पत्ते वाटणाऱ्याला, हजार देतात आणि यांच्याकडे बघतही नाहीत.

आता ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं ते. टीप द्यायची तर पेटीत टाका किंवा उघड्या हातावर ठेवा, कॅमेऱ्यासमोर. नोटेची घडी करून त्यात मोबाइल नंबर घालू नका. नोट देताना मुलीचा हात धरून ठेवू नका. 'एवढे दिले, एक सेल्फी तर काढ' म्हणू नका. नोट गळ्यापाशी खोचायला येणारेही मी पाहिलेत, आणि ते आपल्याच जिल्ह्यांतले होते. धुळ्या-जळगावची गाडी आली की आमच्यातल्या मुली कपाळाला हात लावायच्या, आणि मला, त्याच मुलखातलीला, मान खाली घालावी लागायची. वर सुपरवायझरकडे तक्रार केली तर उत्तर ठरलेलं: पाहुणा आहे, सांभाळून घे. ताळगावात चौघी एका खोलीत राहायचो. रात्री परत आल्यावर टीप किती जमली यापेक्षा आज कोणी कशी दिली हेच बोलणं जास्त व्हायचं.

तुमच्या वाचकांपैकी अनेकांची मुलं अमेरिकेत आहेत, आणि आई-वडील तिकडे गेले की एकदा तरी लास वेगासला जातातच. तिथे मशीनवर मोठी रक्कम लागली की अटेंडंट हातात रोकड आणून देते. 'मोठी' धरायची ही मर्यादा कित्येक वर्षं 1,200 डॉलर होती, 2026 पासून 2,000 झाली. आपल्यासारख्या पाहुण्यांच्या स्लॉटच्या रकमेतून तिथेही 30 टक्के कर कापतात. टीप मात्र तिकडे जवळजवळ धरलेलीच असते, वीसेक डॉलर दिले तर कोणी नाक मुरडत नाही. ऑस्ट्रेलियात याच्या उलट, तिथे कॅसिनोतल्या डीलरला टीप घेताच येत नाही. मुलाला आधी विचारून घ्या, तो लाजेल पण सांगेल.

'कशाला टीप' म्हणणाऱ्या वाचकांना एक विचारते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुमच्या गावात पत्ते बसतात ना? कायद्याने तोही जुगारच, 1887 च्या कायद्यापासून. पोलीस येतात, पळापळ होते, पुढच्या वर्षी पुन्हा डाव बसतो. तिथे जागेचा मालक प्रत्येक डावातून नाल, म्हणजे आपला वाटा, काढतो आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. रात्रभर चहा-पाणी आणणाऱ्या पोऱ्यालाही जिंकणारा उठताना काहीतरी देतोच. माझे वडील द्यायचे. आईला ते खेळणं बिलकुल आवडत नसे, पण पोऱ्याला दिलेल्यावरून ती कधी बोलल्याचं मला आठवत नाही. कॅसिनोतही नाल कंपनीने काढलेली आहेच, ती मशीनच्या हिशोबातच बसवलेली असते. प्रश्न फक्त पोऱ्याचा आहे.

आणि हरलेल्यांनी टीप द्यायच्या भानगडीत पडू नये. सहलीच्या शेवटच्या रात्री खिशात परतीच्या प्रवासापुरते पैसे उरलेले असतात, त्यातून 'बरं दिसत नाही' म्हणून शंभर-दोनशे काढणारे पुष्कळ पाहिलेत. बरं न दिसण्यासारखं त्यात काही नाही. मशीनमध्ये नोट अडकली, तिकीट छापलं गेलं नाही, तर बिनधास्त बोलवा. ते तिचं कामच आहे आणि त्याचा पगार तिला मिळतो.

आपली वाचक,
चोपडा, जि. जळगाव
(नाव छापू नये ही विनंती. सासरी सगळ्यांना ठाऊक आहे, पण गल्लीला अजून नाही.)