रानबियांचे तेल मोजताना टक्केवारीपाशी थांबू नका

मा. विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

रानटी झाडाच्या बियांवर संशोधनाचा प्रस्ताव गेला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: तेल किती टक्के निघते? त्या तेलात आहे काय, हे क्वचितच कोणी विचारते. मी तेलांचे पृथक्करण करते, म्हणून हे पत्र.

एकदा आमच्याकडे जंगली बदामाच्या बियांचे तेल आले. सोबत गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे बाष्परूपात घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा, अहवाल होता: पामिटिक, ओलिक, लिनोलिक, तेलातल्या मेदाम्लांची सगळी ओळखीची नावे, बेरीज बरोबर 100. तरी मन मानेना. थोडे तेल परीक्षानळीत घेतले, गंधक विरघळवलेले कार्बन डायसल्फाइड आणि अमाइल अल्कोहोल घालून तापत ठेवले. नळी लालभडक झाली. ही जुनी हॅल्फेन चाचणी. लाल रंग म्हणजे सायक्लोप्रोपीन आम्ले, तीन कार्बनांचे कडे असलेली मेदाम्ले, आणि त्यांपैकी स्टर्क्युलिक आम्ल या तेलात मुबलक असते. कोंबड्यांच्या खाद्यात ते गेले तर साठवलेल्या अंड्यांचा पांढरा बलक गुलाबी होतो. शरीरात स्टिअरिक आम्लाचे ओलिक करणारे विकरच (एन्झाइम) ते अडवते.

मग अहवालात ते का नव्हते? यंत्रात घालण्याआधी मेदाम्लांचे सहज बाष्प होणारे एस्टर बनवतात; ते बनवताना आम्ल उत्प्रेरक वापरला की तीन कार्बनांचे ते नाजूक कडे तुटते. आणि जे शिल्लक दिसते त्याचीच बेरीज यंत्र 100 करून देते. आम्लाऐवजी सोडियम मेथॉक्साइड हा अल्कधर्मी उत्प्रेरक वापरून किंवा थेट एनएमआरने, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना दाखवणाऱ्या यंत्राने, पाहिले असते, तर ते सापडले असते.

मोगली एरंडाचे उलटे आहे. त्याची मेदाम्ले अगदी साधी, विष आहे ते फोरबॉल एस्टर या वेगळ्याच संयुगांत. मेदाम्लांच्या तक्त्यात ते कधीच दिसणार नाही. वेगळेपण घातकच असते असेही नाही. एरंडेलात सुमारे 85 ते 90 टक्के रिसिनोलिक आम्ल असते, आणि त्यावरच्या एका हायड्रॉक्सिल गटामुळेच ते इतके दाट व वंगणाला उपयोगी.

म्हणून विनंती आहे, अनुदानाच्या अटींतच पूर्ण पृथक्करण घाला. प्रत्येक नमुन्यामागे वनस्पतीसंग्रहात झाडाचा वाळवलेला नमुना असू द्या, नाहीतर तेल नेमके कोणत्या झाडाचे, हाच वाद उरतो. आणि लहान महाविद्यालयांना एनएमआर यंत्रावर वेळ मिळवून द्या.

ते तेल आमच्या शीतपेटीत अजून तसेच आहे. यंत्रासाठी आमचा अर्ज दोनदा परत आला.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका